राऊत मॅडम इंटरव्ह्यूला बसतात

नीलिमाताई राऊत पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही, बसल्या नाहीत, माझं नावही विचारलं नाही. दारात चपला काढल्या आणि म्हणाल्या, "जरा बाथरूम वापरू का?" नंदाखालहून विरारपर्यंत रिक्षाने धक्के खात आल्या असतील बिचाऱ्या, असं मला वाटलं. आईने लगबगीने दार दाखवलं. ताई आत गेल्या आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आल्या. ना नळाचा आवाज, ना फ्लशचा. मग ऐसपैस सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे. शिकव."

त्या अर्ध्या मिनिटाचा अर्थ मला दोन आठवड्यांनी कळला. वसई पूर्वेच्या एका पंपांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्या खरेदी खात्यात होत्या. नवा पुरवठादार ठरवायचा तर त्याच्याकडे जाऊन आधी त्याचा संडास बघायचा, हा त्यांचा नियम. "ऑफिस सगळेच सजवतात रे. केबिनमध्ये गणपती, टेबलावर काच. मी सरळ मागे जाते. ज्याचा संडास स्वच्छ, त्याचा माल स्वच्छ." नशीब माझं, की त्या दिवशी आईने सकाळीच सगळं घासून काढलं होतं. नाहीतर मास्तर पहिल्याच तासाला नापास झाला असता.

मास्तर म्हणजे मी. माझं शिकवणं काय होतं ते आधी सांगतो, कारण ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना ते खोटंच वाटतं. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे नोकरी हवी असेल तर इंटरव्ह्यूत एक 'केस' सोडवावी लागते. समोरचा साहेब एका कंपनीची गोष्ट सांगतो: माल महाग पडतोय, पुरवठा वेळेवर होत नाही, गोदाम तुंबलंय. आपण अर्ध्या तासात प्रश्न विचारून, आकडेमोड करून उपाय सांगायचा. अशा इंटरव्ह्यूंमध्ये मी स्वतः तीनदा शेवटच्या फेरीत आपटलो होतो. तेव्हा इतरांना त्याची तयारी करून देण्याचा धंदा मी काढला, यात काही नवल नाही. पोहता न येणारा माणूस काठावरून फार छान सूचना देतो. आणि खरं सांगायचं तर तोवर माझा एकही विद्यार्थी पैलतीराला लागला नव्हता.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पर्समध्ये कंगव्याशेजारी व्हर्नियर कॅलिपर. हो, जाडी मोजायचं ते स्टीलचं यंत्र. दिवाळीत आईने चकल्या पुढे केल्या तेव्हा त्यांनी ते काढून एक चकली मोजली आणि म्हणाल्या, "वा, सगळ्या एका मापाच्या. सोऱ्या चांगला आहे." आईला आयुष्यात एवढी नेमकी दाद कुणी दिली नव्हती. मी त्यांना सुरुवातीला मॅडम म्हणायचो. त्यांनी लगेच तोडलं: "मॅडम कारखान्यात. इथे तू मास्तर, मी ताई."

त्यांचा कारखाना गुजरातेत हलणार होता. मालकाने त्यांना क्वार्टर देऊ केली, पगार वाढवून देऊ केला. ताईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मला माझं घर सोडायचं नाही. लग्न होऊन नंदाखालला आले ती त्या वाडीतच जुनी झाले. घरासमोर माड, मागे केळी. तिकडच्या क्वार्टरमध्ये मी काय करू, भिंती मोजू?" मुंबईतल्या एका सल्लागार कंपनीला खरेदीचा दांडगा अनुभव असलेली माणसं हवी होती. वयाची अट नव्हती. पण केस मात्र सगळ्यांना सारखीच, कॉलेजातून काल बाहेर पडलेल्या पोरांना लावतात तीच. ताईंच्या हातात सव्वा महिना होता.

पहिली केस मी सोपी दिली. "एक बिस्किटांची कंपनी आहे. तिचा खोक्यांवरचा खर्च वाढलाय. का वाढला असेल?" माझी अपेक्षा अशी, की विद्यार्थ्याने कागदावर फांद्या काढाव्यात: खोकी जास्त लागली, की दर वाढला, की खोक्याचा दर्जा बदलला. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"कशासाठी हवीत खोकी?"

"बिस्किटं भरायला."

"ते कळलं रे. ट्रकने जाणार की बोटीने? एकावर एक किती रचणार? पावसाळ्यात ठेवणार कुठे?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "ताई, तुम्हीच काहीतरी गृहीत धरा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आई दुधात पाणी घालणाऱ्या भय्याकडे बघते. मग पर्समधून मोबाईल काढला आणि मी काही बोलायच्या आत फोन लावला. "हां शहाभाई, राऊत मॅडम. पाच प्लायच्या खोक्याचा आजचा भाव काय? नाही नाही, कारखान्यासाठी नाही. एक बिस्किट कंपनी आहे. विरारला. हां, मोठी आहे म्हणे. पत्ता? घ्या लिहून."

मी दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होतो. फोन ठेवल्यावर म्हणालो, "ताई, ही कंपनी नाहीये! केस खोटी असते!"

"कागदाचा भाव वाढलाय," त्या म्हणाल्या, "तो तर खरा आहे ना? झालं तर मग. मिळालं तुझं उत्तर."

उत्तर मिळालं, पण प्रकरण तिथे मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात घामाघूम झालेला एक माणूस, काखेत पाच नमुन्याची खोकी. "बिस्किट कंपनी इथेच ना? राऊत मॅडमनी सांगितलं." आईने त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि घरात बिस्किटं होती तीही दिली. बिचारा बिस्किटाकडे उलटसुलट बघत म्हणाला, "हाच माल का?" त्या माणसाची समजूत काढताना माझी जी त्रेधा उडाली, ती ताईंना सांगितल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मात्र शहाभाईंना स्वतः फोन करून माफी मागितली. "माणसाची फुकट खेप घालवू नये. पुरवठादार आपला जावई नसतो, पण नोकरही नसतो."

या बाईंना शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला पडायला लागला. एकदा मी फळ्यावर एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. कुठला माल खर्चाने मोठा आणि कुठला मिळायला अवघड, यावरून त्याची चार गटांत वाटणी करायची, असं पुस्तकात सांगतात. मी वीस मिनिटं घसा कोरडा केला. ताई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आमचा नारळ पाडणारा."

"कोण?"

"अरे, आता माडावर चढणारी माणसं राहिलीत कुठे? चार गावांत मिळून एकच आहे. तो घेतो ते फार नाही. पण तो आला नाही तर नारळ माडावरच. म्हणून तो येतो त्या दिवशी पहिली भाकरी त्याला, मग आमच्या ह्यांना. आणि मीठ? मीठ कुठेही मिळतं. मीठवाल्याला कोण भाकरी वाढतं?" त्यांनी खडू घेऊन माझ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात 'नारळ पाडणारा' असं लिहिलं. खर्चाला लहान, अडवायला मोठा. दोन वर्षं कॉलेजात फी भरून मला जो कोपरा धड कळला नव्हता, तो त्या दिवशी कळला.

पण त्यांची एक गाठ काही केल्या सुटेना. केसमध्ये अंदाज बांधावे लागतात. मुंबईत रोज किती नारळ लागतात, असं विचारलं तर लोकसंख्या, घरं, देवळं, हॉटेलं असं करत करत एका आकड्याला पोचायचं असतं. ताई पोचायच्याच नाहीत. "मी अंदाजाने आयुष्यात एक बोल्ट घेतलेला नाही. अंदाजपंचे दाहोदरसे करणारी माणसं मी कामावरून काढलीयत." मी समजावलं, चिडलो, विनवण्या केल्या. त्या हाताची घडी घालून बसायच्या. आकडा नाही म्हणजे इंटरव्ह्यू गेला, आणि इंटरव्ह्यू गेला की गुजरात. हे त्यांनाही कळत होतं. एकदा जाताना चपला घालताघालता त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, मला जमणार नाही बहुतेक." एवढ्या पडलेल्या आवाजात मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

ती गाठ सुटली वसईच्या पाचूबंदरला. त्यांच्या घरी तीस-पस्तीस माणसं जेवायला होती, म्हणून कोळंबी घ्यायला त्या सकाळी बंदरावर निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, चल, खरेदी कशी करतात ते तरी बघ. किल्ल्याच्या पलीकडे होड्या लागलेल्या, वाळूवर पाट्यांच्या रांगा आणि भोवती बायकांचं कोंडाळं. लिलाव चाललेला. लिलावात काटा नसतो. मासळी पाटीने विकायची, बघायची आणि बोली लावायची. ताईंची ओळखीची रोझामावशी एका पाटीवरचा बर्फ बाजूला सारत म्हणाली, "बग गो बाय, आताची हाय. पानी मारलेलं नाय. कोन सांगतंय शिळी?" ताई वाकल्या, तीनेक सेकंद बघितलं, दोन कोळंब्या दाबल्या आणि सरळ झाल्या. "अठरा किलो भरेल," मला म्हणाल्या आणि त्या हिशेबाने बोली लावून पाटी घेऊन टाकली.

मी पैजेवर आलो. शेजारच्या बर्फवाल्याकडे काटा होता, त्यावर पाटी चढवली. साडेएकोणीस. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पाटी ओली आहे. तिचा दीड धर."

मी ओरडलोच. "ताई! अहो हाच तर अंदाज!"

"छे," त्या म्हणाल्या. "ही नजर आहे."

"फरक काय?"

त्यांनी पाटीवर हात ठेवला. "अंदाज कुणीही करतो. नजर असायला आधी खूप पाट्या बघाव्या लागतात."

रोझामावशीला आमच्या वादातलं काही कळलं नव्हतं, पण ती ताईंच्या बाजूने होती. "तिला नजर हाय," मला म्हणाली, "तुला नाय." हे खरंच होतं. मी मात्र त्या क्षणी वाळूत नाचायच्या बेतात होतो. त्या दिवसापासून 'अंदाज करा' हे शब्द मी टाकून दिले. मुंबईत किती नारळ लागतात, असं विचारायचो आणि म्हणायचो, ताई, नजर टाका. त्या डोळे मिटायच्या, ओठ पुटपुटायचे. आपल्या घरात आठवड्याला किती, गणपतीत किती, शेजारच्या खानावळीला किती, असं करत अशा आकड्याला पोचायच्या, की पुस्तकातलं उत्तर त्याच्या अगदी जवळ निघायचं. पुस्तक चुकलं असेल, असंही त्या अधूनमधून सुचवायच्या.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या सल्लागार कंपन्यांचं काम घरबसल्या नसतं. ज्या कंपनीला सल्ला द्यायचा तिच्या गावी जाऊन राहावं लागतं. सोमवारी निघायचं, गुरुवारी रात्री परतायचं, दर आठवड्याला. आज कोइमतूर, महिन्याभराने इंदूर. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताईंना माहीत असेलच, असं मी आधी धरून चाललो. मग लक्षात आलं, त्या कधी त्याबद्दल बोलतच नाहीत. आणि त्यानंतर मी जाणूनबुजून गप्प बसलो. घर सोडायचं नाही म्हणून ही बाई जिवाचं रान करतेय, तिला हे सांगितलं तर ती इंटरव्ह्यूच देणार नाही. माझी पहिली विद्यार्थिनी पार होताना मला बघायची होती. इतका स्वार्थी होतो मी, उगाच कशाला लपवू?

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी मात्र राहवलं नाही. स्कूटर काढून नंदाखालला गेलो. विलासभाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, केळीत पाणी सोडत होते. अत्यंत मितभाषी माणूस. दोघं नवरा-बायको आपल्या घरच्या बोलीत बोलायला लागली की मला चारांतला एक शब्द कळायचा, आणि तोही बहुतेक ताईंचाच असायचा. ताई तयार होऊन ओट्यावर बसून केळं खात होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चार-चार दिवस बाहेर राहावं लागतं, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, चुकलो.

ताईंनी केळं संपवलं, साल बाजूला ठेवली. "मला माहितीय."

"कधीपासून?"

"तुझ्याकडे यायच्या आधीपासून. तुला काय वाटलं, मी अटी न वाचता ऑर्डर देते? तीन माणसांना विचारलं. एक तिथे काम करणारा, एक काम सोडलेला, एक काम न मिळालेला. तिसरा सगळ्यात जास्त बोलला."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते."

 त्या उठल्या, पदर सारखा केला आणि अगदी सहज म्हणाल्या, "माल उशिरा येणार असेल तर पुरवठादाराने आधी फोन करावा. उशीर मी कितीदा तरी माफ केलाय. गप्प बसणाऱ्याला पुन्हा ऑर्डर दिली नाही. तू अगदी ट्रक दाराशी आल्यावर फोन केलास, पण केलास." मी विचारलं, मग तुम्ही का जाताय, घर सोडायचं नाही म्हणता ना? त्यांचा चेहरा जरा उतरला. "त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. आधी मिळू तर दे." आणि वाट बघत असलेल्या रिक्षात जाऊन बसल्या.

इंटरव्ह्यूत काय झालं ते त्यांनी संध्याकाळी फोनवर सांगितलं, आणि मी ते आजवर पन्नास लोकांना सांगितलंय. केस आइस्क्रीम कंपनीची होती. चारशे पुरवठादार आहेत, चाळीसवर आणायचे आहेत, काय कराल? कॉलेजची पोरं लगेच चाळीसवर आणायला धावतात. ताईंनी विचारलं, "चाळीसच का? हा आकडा कुणी सांगितला?" साहेब जरा गडबडला. मग ताईंनी यादी मागितली, चौकोन काढला, अडीचशे नावं पटापट गाळली आणि एका नावावर बोट ठेवलं. लाकडी चमचे पुरवणारा, सगळ्या यादीत सगळ्यात लहान. "याला हात लावू नका. एप्रिलमध्ये याचे चमचे आले नाहीत तर लोक काय बोटांनी खातील?" दुसऱ्या साहेबाने विचारलं, बचत साधारण किती होईल? ताईंनी डोळे मिटले. "आणि मी नजर टाकली रे," त्या मला म्हणाल्या. "आकडा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग म्हणाले, मॅडम, हे कुठे शिकलात?"

"काय सांगितलंत?"

"विरारला. मास्तरचं घर स्वच्छ आहे म्हटलं."

चार दिवसांनी निवडीचं पत्र आलं. मी आनंदाने वेडापिसा होऊन पेढे घेऊन नंदाखालला पोचलो, तर ताई ओट्यावर गप्प बसलेल्या, पत्र मांडीवर. होकार कळवायला दोन दिवसांची मुदत होती. पहिलंच काम कोइमतूरला. "अठ्ठावीस वर्षांत इतकं कशाला घाबरले नव्हते," त्या म्हणाल्या. "जायचंय पण मला. तेच तर कळत नाहीये. घर सोडायचं नाही म्हणून गुजरातला नाही म्हटलं, आणि आता स्वतःच्या पायांनी त्याहून लांब निघाले. ह्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

ह्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. विलासभाऊ पायरीवर बसून कोयत्याने शहाळं सोलत होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी शहाळं माझ्या हातात दिलं आणि माझ्यादेखत, मला कळेल अशा मराठीत, बायकोला म्हणाले, "कारखान्यात सकाळी सातला जायचीस, रात्री आठला यायचीस. रविवारीही कुणाचा तरी ट्रक अडकलेला असायचा. अठ्ठावीस वर्षांत घरी होतीस कधी तू?"

ताईंनी मांडीवरचं पत्र बाजूला ठेवलं.

"आता शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस सलग," विलासभाऊ म्हणाले. "मला तर फायद्याचाच सौदा दिसतोय." आणि दुसरं शहाळं सोलायला घेतलं.

ताई आधी हसल्या. मग रडल्या. मग पुन्हा हसल्या, आणि पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "बघितलंस मास्तर? इतकी वर्षं मी सगळ्यांना विचारत फिरले, तुम्हाला काय हवंय. या माणसाला विचारायचं राहूनच गेलं." तिघांनी मिळून पेढ्यांचा तो खोका तिथेच संपवला. होकार त्यांनी माझ्यासमोर पाठवला, दोनदा वाचून.

सोमवारी पहाटे विमानतळाकडे जाणारी गाडी आली तेव्हा मी तिथे नव्हतो. ताईंनी कोइमतूरहून फोन केला. काम कसं आहे, हॉटेल कसं आहे, काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "हे फाटकापर्यंत आले रे सोडायला. अठ्ठावीस वर्षं मी रोज कामाला निघायचे, हे कधी ओट्यावरून उठले नव्हते. आज फाटकापर्यंत आले, आणि विचारलं, शुक्रवारी जेवायला काय करू?"